दोन जातीचे पाटे

बुवांचं कीर्तन ओढ्यापलीकडच्या गावात होतं, आणि ओढ्यातले धोंडे शरणप्पाच्या जुन्या जीपच्या पोटाला घासायचे. बुवांना न्यायचं त्यानंच कबूल केलेलं. म्हणून त्यानं भंगारातले स्प्रिंगचे पाटे घालून जीप उचलली. डावीकडं ट्रकचे, उजवीकडं ट्रॉलीचे. जीप उंच झाली खरी, पण उजवीकडं कलली.

"शरणप्पा, गाडी कुणाला नमस्कार करतीय?" बुवा हसले.

"ट्रकचे पाटे लई ताठ हायत, महाराज. दबंनात की!"

बुवांनी अगडबंब पखवाजवाल्याकडं पाहिलं. "रामहरी, तू डावीकडं बैस बाबा."

रामहरी बसला आणि जीप सरळ झाली. ओढ्यात एकही धोंडा लागला नाही.

कीर्तनानंतर शरणप्पा रामहरीच्या पानात स्वतः शिरा वाढत राहिला. परतीच्या वाटेवरही ओढा होताच.