कापसाचे बूच

मित्रांनो, मी एका छोट्या पांढऱ्या गाडीतले जुने ब्रेक ऑइल आहे. सध्या माझा मुक्काम गॅरेजच्या फळीवर, एका काचेच्या बाटलीत आहे. रंग कोऱ्या चहासारखा झालाय. पण नाक मुरडू नका! उमेदीच्या काळात मी फिकट पिवळा आणि नितळ होतो, आणि अख्खी गाडी माझ्या जोरावर थांबत होती.

कारखान्यात मला डब्यात भरून झाकण इतके घट्ट बसवले, की वाऱ्यालाही आत शिरायची सोय नव्हती. ते कशासाठी, हे मला तेव्हा कळले नाही. मग गॅरेजच्या मिस्त्रीने मला त्या गाडीत ओतले. इंजिनाशेजारच्या डबीतून बारीक नळ्यांत शिरून मी चारही चाकांपर्यंत पोचलो. थोडासा मी डब्यातच उरलो.

काय सांगू त्या दिवसांची मजा! गाडी सूनबाई चालवत. त्यांनी पेडल दाबले, की तो रेटा मी जसाच्या तसा चाकांपर्यंत नेई. मला कितीही दाबा, मी आकसत नाही, हीच माझी सगळी विद्या. कुत्रे आडवे आले, कोणी फोनवर बोलत रस्त्यात उतरले, मी आपला हजर. कौतुक मात्र गाडीच्या रंगाचे व्हायचे.

माझी काळजी घेणारे घरात एकच, सूनबाईंचे सासरे. मी त्यांना आजोबाच म्हणतो. चाळीस वर्षे ते एका दवाखान्यात कंपाउंडर होते. प्रत्येक बाटलीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी, आणि काही म्हणजे काही वाया घालवायचे नाही. उरलेला डबा त्यांनी घरी आणला. त्याचे झाकण कुठेतरी हरवले, तेव्हा जुन्या सवयीने त्यांनी कापसाचे बूच बसवले आणि डबा न्हाणीघरातल्या फळीवर ठेवला. दर रविवारी ते बॉनेट उघडून डबीवरची पातळीची रेघ बघत. मी रेघेखाली जरासा जरी उतरलो, की फळीवरचा मी डबीतल्या मला येऊन मिळे. "बघ, कसं काठोकाठ आहे," असे ते नातीला दाखवत, आणि मी फुशारून जाई.

पण मला एक वाईट खोड आहे. हवेतला ओलावा मी पिऊन टाकतो. न्हाणीघरात रोज गरम पाण्याची वाफ, तिला कापूस काय अडवणार? मी पाणी मुरवत गेलो, काळवंडत गेलो. रेघ बरोबर होती, म्हणून कोणाला शंका आली नाही. अशी पाच वर्षे गेली.

मग नातीच्या पोहण्याच्या स्पर्धेचा दिवस उजाडला. स्पर्धा डोंगराखालच्या शहरात होती. सूनबाई गाडी चालवत होत्या, शेजारी आजोबा, मागे नात पोहण्याचा चष्मा गळ्यात घालूनच बसलेली. पुढे एक ट्रक रखडत चालला होता, त्यामुळे अख्खा उतारभर सूनबाईंचा पाय ब्रेकवर. चाके तापली आणि माझ्या अंगातले पाणी उकळले! बुडबुडेच बुडबुडे झाले. सूनबाईंनी पेडल दाबले तर ते थेट तळाला गेले. मी जिवाच्या आकांताने रेटत होतो, पण बुडबुडे नुसतेच दबत होते. ट्रक जवळ येत होता.

"बाबा, ब्रेक लागत नाहीये," सूनबाई म्हणाल्या. त्यांनी गिअर खाली आणला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी कडेच्या खडीच्या ढिगात घातली. गाडी थांबली. कोणाला खरचटलेही नाही. मला मात्र तोंड लपवायला जागा नव्हती.

अर्ध्या तासाने मी निवलो आणि पेडल पुन्हा घट्ट झाले. आजोबा म्हणाले, "आता लागतोय की. निघू या, पोरीची वेळ हुकेल."

"हुकू दे, बाबा," म्हणत सूनबाईंनी मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्री आला. त्याने पेनासारखे यंत्र माझ्यात बुडवले. लाल दिवा लागला.

"काका, यात पाणी आहे."

"मी थेंबभरही पाणी घातलेलं नाही," आजोबा म्हणाले.

"घालावं लागत नाही. हे हवेतून पितं. उरलेलं कुठे ठेवता?"

"न्हाणीघरात. कापसाचं बूच लावून." आजोबा म्हणाले.

"आजोबा, औषधाची तर तुम्ही तारीख बघता," नात हळूच म्हणाली.

आजोबा खडीवरच बसले. "चाळीस वर्षांत मुदत संपलेलं औषध कोणाला दिलं नाही. आणि आज माझ्याच घरातल्या माणसांना..." नातीने आपला टॉवेल त्यांच्या हातात दिला.

गाडी ओढून गॅरेजात आणली. चारही चाकांतून मला काढले, चाकांना आवळून धरणारे झिजलेले ब्रेक पॅड बदलले आणि नवे ऑइल भरले. मी रेघेखाली उतरायचो तो पॅड झिजत होते म्हणून! आजोबा वरून भर घालत राहिले आणि ती झीज झाकली गेली. नवा डबा थोडा उरला. सवयीने आजोबांनी तो काखेत मारला, दारापर्यंत गेले आणि परत आले. "हा घरी नको," म्हणाले. मग कागद मागून त्यांनी डबीजवळ दोन वर्षांनंतरची तारीख चिकटवली, आणि माझ्या बाटलीवर लिहिले, 'मुदत संपलेले'. काय सुरेख अक्षर आहे, बघाच येऊन!

मित्रांनो, बाकीच्या जुन्या वस्तू म्हणतील, आम्हाला जपा. मी उलटे सांगतो. दोन वर्षे झाली, की मला मुळीच जपू नका, मिस्त्रीकडून काढून टाका. मला राग येणार नाही.

परवा ती पांढरी गाडी गॅरेजसमोरच्या उतारावरून आली. खिडकीत ओला टॉवेल फडफडत होता, नात दुसऱ्या एका स्पर्धेहून परत येत होती. रस्त्यात एक म्हातारी काठी टेकत निघाली होती. गाडी तिच्यापासून चार पावलांवर अलगद थांबली. मी बाटलीतल्या बाटलीत ओरडलो, शाब्बास रे नव्या!