ळ नसलेलं मशीन

आमच्या गावाच्या नावातच ळ आहे. देवळाली प्रवरा. माझे वडील प्रभुदास मास्तर यांनी मिशनच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं आणि ळ चा ल करणाऱ्या पोरांना छडीचा प्रसाद दिला. अशा माणसाच्या मुलीला ळ नसलेलं टायपिंगचं मशीन हवं होतं, आणि ते का हवं होतं हे तिला तोंडानं सांगता येत नव्हतं. बहात्तरच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट आहे. माझी चीड अजून गेलेली नाही, म्हणून सांगते.

आई गेल्यापासून घरात पप्पा आणि मी दोघंच. भाऊ दानीएल रेल्वेत, दौंडला, बायकोपोरांसह. नाताळाला यायचा, पप्पांच्या गुडघ्याची चौकशी करायचा आणि ‘दया आहे म्हणून मला काळजी नाही’ असं म्हणून परतीची गाडी पकडायचा. हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यानं ‘दया आहे’ म्हटलं की मी भांडी घासायला उठायचे. माझ्या लग्नाचं बोलणं आईच्या दुखण्यात मागं पडलं, आणि नंतर ते पुढं आणायची कुणाला घाई नव्हती. मी घरात हवी होते.

मला एक विद्या येत होती. राहुरीच्या क्लासातून मी मराठी टायपिंगची परीक्षा पास झाले होते. दुपारी क्लास रिकामा असला की तिथले सर मला त्यांच्याच मशीनवर बाहेरची कामं करू देत. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सोसायटीचे ठराव. सरकारी कागद मराठीतून होऊ लागले होते, त्यात दुष्काळ, त्यामुळं अर्जांना तोटा नव्हता. पण मशीन त्यांचं. विद्यार्थी आला की मी अर्ध्या ओळीवर उठायचं आणि बाकावर बसून राहायचं.

माझी शाळेतली मैत्रीण लिडिया नगरला कचेरीबाहेर टायपिंगला बसत होती. तिनं मला सांगून ठेवलं होतं, की स्वतःचं मशीन घेऊन ये, बसायला माझ्या शेजारी जागा आणि राहायला माझी खोली. तिचं मशीन दिवसभर तिलाच पुरत नव्हतं, म्हणून माझं मला आणणं भाग होतं. हे मी पप्पांना सांगितलं नव्हतं. मशीन हातात आलं की सांगू, असं मनाशी धरलं होतं. रिकाम्या हातानं मला पप्पांसमोर बोलता येत नाही.

आणि एके दिवशी पप्पाच म्हणाले, की त्या क्लासात किती दिवस ताटकळणार, आपण तुला स्वतःचं मशीन घेऊ. थोडे तू घाल, थोडे मी घालतो. मला इतका आनंद झाला, की मी त्यांच्यासाठी गोडाचा शिरा केला. म्हातारा स्वतःहून दार उघडतोय, असं मला वाटलं. किती मूर्ख असतो आपण.

नगरला माळीवाड्यात रंगनाथचं दुकान होतं. जुनी मशीनं दुरुस्त करून विकायचा. नवं मशीन आम्हाला झेपणारं नव्हतं. जुन्यात इंग्रजी मशीनं ढिगानं पडली होती, पण माझे अर्ज मराठीत. आमच्या ऐपतीतली देवनागरी मशीनं दोनच निघाली.

पहिलं काळं, अवजड, लांब कॅरेजचं. कुठलंसं ऑफिस बंद पडलं तिथून आलेलं. अक्षरं मराठीची, सगळी जागच्या जागी. ते टेबलावर ठेवायला रंगनाथला आणि त्याच्या कारागिराला, छगनला, दोन बाजूंनी धरावं लागलं. टेबल करकरलं.

दुसरं पोर्टेबल. फिकट हिरव्या रंगाचं, पेटीसकट. पेटीला मूठ. रंगनाथनं एका हातानं आणून ठेवलं. ते इंदूरकडून आलं होतं, अक्षरं हिंदीची, आणि त्यात ळ नव्हता. म्हणून नगरात त्याला कुणी विचारत नव्हतं आणि म्हणूनच ते आम्हाला परवडत होतं.

मी त्या मुठीकडं बघितलं आणि माझं ठरलं. ही पेटी घेऊन एसटीत चढता येत होतं. कुणाला हाक न मारता, कुणाला कारण न सांगता उतरता येत होतं.

पप्पा खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी मला शुद्धलेखन घातलं. खोटं नाही सांगत, भर दुकानात. म्हणाले, लिही, देवळाली प्रवरा. मी हिरव्या मशीनवर लिहिलं, देवलाली प्रवरा. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि हे गाव कुठं आलं असं विचारलं. मग सकाळ घातली, शाळा घातली, केळी घातली. सकाल, शाला, केली. माझ्या बोटांना शरम वाटत होती, आणि तोंड मात्र भांडत होतं. मी म्हणाले, ळ ची जागा मोकळी सोडीन आणि मागून पेनानं भरीन. ते म्हणाले, म्हणजे प्रत्येक अर्ज ठिगळं लावून देणार. मी म्हणाले, अर्जात ळ येतो तरी किती वेळा. जन्मभर शुद्ध लिहायला शिकवलेल्या बापापुढं मी एका अक्षराविरुद्ध वकिली करत होते. खरं कारण वजन होतं, आणि वजनाबद्दल मी चकार शब्द काढत नव्हते.

पप्पांचं म्हणणं सरळ होतं. भाव सारखाच, रिबीन सारखीच, मग अपुरं मशीन कशाला घ्यायचं? तेवढ्यात रंगनाथच माझ्या मदतीला आला. त्याला काय, गळ्यात पडलेलं मशीन खपवायचं होतं.

“मास्तर, ळ चं काय घेऊन बसलात. ह्यात ङ हाय, त्याला कोन इचारतंय? त्यो काढून ळ बसवून देतो. पुन्याहून ळ चा खिळा मागवायचा आन डाग देऊन जोडायचा. लई तर आठ दिस.”

मी पप्पांकडं बघितलं. त्यांनी विचार केला. ङ नसला तरी अर्जाचं काही अडत नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. अक्षरांच्या बाबतीत ते कधी खोटं बोलत नसत. त्यांचा मुद्दाच संपला. मी जिंकले होते. मनानं मी लिडियाच्या खोलीत खाटसुद्धा मांडली.

रंगनाथ चहा सांगायला बाहेर गेला. पप्पा उठले. त्यांनी हिरव्या मशीनची पेटी बंद केली, मूठ धरून उचलली, आणि ती घेऊन दुखऱ्या गुडघ्यानं दुकानाच्या दारापर्यंत चालत गेले. तिथं उभे राहून त्यांनी रस्ता बघितला. परत आले, पेटी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले,

“ळ बसेल गं. पण हे उचलून तू जाणार कुठं?”

मी म्हणाले, कुठं नाही, झाडलोट करताना हलवायला बरं. इतकं पांगळं खोटं मी आयुष्यात बोलले नसेन.

“लिडियाच्या आईनं मला चर्चमध्ये सांगितलंय,” पप्पा म्हणाले. “ईस्टरलाच.”

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मशीन घेऊ म्हणाले तेव्हाही, मी केलेला शिरा खाल्ला तेव्हाही. मला वाटलं, आता ओरडतील, आता नको म्हणतील. नको म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी भांडले असते. त्या उन्हाळ्यात माझ्याजवळ भांडण भरपूर साठलेलं होतं.

ते ओरडले नाहीत. खुर्चीत बसले, खिशातून पैशाचं पाकीट काढून दोन्ही मशीनांच्या मध्ये ठेवलं.

“मला त्या घरात एकट्याला भीती वाटते, दया. रात्री पडलो तर सकाळपर्यंत कुणाला कळायचं नाही. तू निघालीस तर मी तुला अडवू शकणार नाही, तेवढी ताकद माझ्यात नाही. म्हणून म्हणतो, तुला अडवील असं मशीन घे.” मग म्हणाले, “पण सांगायचं तू. तू म्हणशील ते घेऊ.”

शाळेत त्यांची सगळ्यांना धास्ती असायची. तोच माणूस परक्याच्या दुकानात मला भीती वाटते म्हणून सांगत होता, आणि निवड माझ्या पदरात टाकून मोकळा होत होता. हिरवं म्हणावं तर मी बापाला एकटं टाकणारी. मोठं म्हणावं तर पुढं कधी तक्रार करायलाही तोंड नाही, कारण मीच निवडलेलं. मला त्यांची दया आली, आणि त्या दयेचा राग आला. माझं नावसुद्धा त्यांनीच ठेवलेलं.

रंगनाथ चहा घेऊन आला. मी म्हणाले, मोठं द्या.

त्याला हिरवं खपलं नाही याचं वाईट वाटलं असावं, पण लगेच म्हणाला, ताई, बरूबर केलं, हे तुमच्या नातवंडांनापन पुरंल. हमाल बोलावला. त्यानं आणि छगननं मिळून मशीन एसटी स्टँडवर आणलं. कंडक्टरनं आधी कुरकुर केली, मग सामानाचं तिकीट फाडलं आणि ते मागच्या बाकाजवळ ठेवू दिलं. पप्पा त्याच्या शेजारी बसले, त्यावर हात ठेवून. मी खिडकीशी.

गाडी नगरबाहेर पडली तशी त्यांना कंठ फुटला. टेबल खिडकीखाली ठेवू, उजेड बरा येतो. दारावर पाटी लावू, अक्षर मी काढतो. लोक घरी येतील, तुला उन्हातान्हात राहुरीला जायला नको. आलेल्या माणसाला पाणी द्यायचं काम माझं. ते इतके खूश होते, की बघवत नव्हतं. बाहेर शेतं उघडी पडली होती आणि रस्त्याच्या कडेला बायका खडी फोडत होत्या. त्या निदान घराबाहेर आहेत, असा दुष्ट विचार माझ्या मनात येऊन गेला.

राहुरी जवळ आली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, रागावलीस का?

“हो,” मी म्हणाले. त्या दिवसात मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य.

पप्पांनी मान हलवली. त्यांना ते बरंच वाटलं असावं.

“रागाव,” ते म्हणाले. “हवं तेवढं रागाव. पण घरी राहून रागाव.”

देवळालीच्या स्टँडवर हमाल एकच होता, कारभारी नावाचा, आणि तो एकट्यानं उचलेना. पप्पांचे गुडघे हे असे. कंडक्टर घंटी मारायच्या घाईत. मी पदर खोचला आणि मशीनची दुसरी बाजू मीच धरली.