हौसाची रेघ

रक्त कधी खोटं बोलत नाही. सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या गावाने हे सत्य पिढ्यान्‌पिढ्या मानलं. मग एकाच रक्ताच्या दोन तपासण्या निघाल्या.

झालं असं, की वालाच्या शेंगा तोडताना वत्सलाला फिट आली. पट्टकृमीची, म्हणजे आतड्यातल्या लांब जंताची, अंडी न धुतलेल्या भाजीतूनही पोटात जातात आणि डोक्यात गाठ करून बसतात, असं मुरबाडहून आलेल्या डॉक्टर संघरत्ना मॅडमनी सांगितलं. गोळ्या दिल्या, पुन्हा फिट आली तर म्हणून चुलीजवळ आणि विहिरीवर जायची बंदी घातली. ही बंदी ऐकून धाकटी जाऊ हौसा आतून करपली. चूल, विहीर, गोठा तिच्या गळ्यात. आणि सासू, बाईजाबाई, रोज संध्याकाळी सायीच्या दुधाचा पेला वत्सलाच्या हातात ठेवायची.

एका चुलीवरचं खाणारे म्हणून मॅडमनी घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं. हौसा दंड उघडा करून सर्वांत पुढे बसली.

पहिल्या तपासणीत किडा हौसाच्या रक्तात निघाला, वत्सलाच्या नाही. त्याच संध्याकाळी पेल्याने हात बदलला. हौसा ओटीवर गोधडी टाकून पडली, चूल बाईजाबाईंकडे गेली आणि वत्सला दाराशी बसून जावेचे घोट बघत राहिली.

"फिट माझी नि किडा हिचा?"

"तुजा असंल तर दाखव की गो," हौसा ओठावरची साय पुसत म्हणाली.

मॅडमनी तेच रक्त दुसऱ्या, अधिक कडक तपासणीला धाडलं. तिच्यात किडा असला तर पट्टीवर रेघा उमटतात. वत्सलाच्या पट्टीवर रेघ नाही, हौसाच्याही नाही. मात्र कल्याणला काढलेल्या डोक्याच्या फोटोत वत्सलाची गाठ दिसली, एकुलती एक. गाठ एकच असली की रक्तात बरेचदा सापडत नाही, आणि पहिली तपासणी दुसऱ्याच जंतांनाही हो म्हणून बसते, असं मॅडमनी दोघी जावांना दवाखान्यात समजावलं. वत्सला पदर सावरून, जिंकल्यासारखी, रिक्षा बघायला बाहेर गेली.

हौसा मागे रेंगाळली.

"म्हंजे मला कायच नाय?"

"काहीच नाही. चांगली गोष्ट आहे."

हौसाला ती चांगली वाटलेली दिसली नाही.

"मग मॅडम, येवढं करा. सासूला ह्ये सांगायचा फोन सोमवारी करा. वत्सलाबाईला मी गप करते. म्हस आटाया आलीय, तवर दूध पिऊन घेते."