काचा धुणाऱ्या मामांचा तास

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. देवाने मला डोळा दिला एकच; पण त्या डोळ्यासमोर जे घडले, ते तुम्हाला सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही.

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पितळी नळीचा, अंगाने चांगला जड. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आलो, तेव्हा माझ्यासमोर पहिल्यांदा बसल्या त्या आमच्या बाई. तळ्यातल्या शेवाळावर त्यांचे संशोधन चाले. एकदा त्यांना काळ्या काठाची एक गोल पेशी दिसली. कुठल्याच पुस्तकात नाही अशी! तीन दिवस बाईंचे पाय जमिनीवर नव्हते. पेशीला नावसुद्धा देऊन झाले.

चौथ्या दिवशी काचा धुणारे मामा माझ्यात डोकावले.

"बाई, रागावू नका, पण बारसं जरा घाईनंच झालं. हा हवेचा बुडबुडा आहे. काठ इतका काळा दिसला की समजायचं."

बाई आधी लालबुंद झाल्या, मग खळखळून हसल्या. "मग हवा शिरू न देता थेंबावरची पातळ काच ठेवायची कशी?"

"आधी एक कड टेकवायची, मग हळूच निजवायची. झोपलेल्या लेकराचं डोकं उशीवर ठेवतो ना, तशी."

तेव्हापासून बाईंचा हात बसला. संशोधन नावाजले, विद्यार्थी घडले आणि पुढे बाई नव्या प्राध्यापकांना तयार करणाऱ्या विभागाच्या प्रमुख झाल्या. मलाही सोबत नेले. एका वर्षी वेळापत्रकात पहिल्या तासापुढे त्यांनी लिहिले, 'शिकवणार : मामा'. मामांच्या निवृत्तीला आठवडाच उरला होता. हा तास हुकला, तर ते नुसते काचा धुणारे म्हणूनच घरी जाणार होते.

कुलसचिवांनी कागद परत धाडला. "बाई, मामा प्राध्यापकांना शिकवणार? मग काचा कोण धुणार?"

"मी धुते की. माझ्या हाताला काही मेंदी लागलेली नाही."

आणि खरेच, तासाच्या दिवशी बाह्या सरसावून बाई वर्गातल्याच नळाशी उभ्या राहिल्या. इकडे मामा वर्गापुढे उभे राहिले. तेवढ्यात एक नवे प्राध्यापक ओरडले, "मला नवीनच पेशी सापडली!"

मामांनी घाबरून बाईंकडे पाहिले.

"सांगा ना मामा," बाई म्हणाल्या, "मी बुडबुड्याचं बारसं केलं, तेव्हा मला नाही का सांगितलंत?"

सगळे हसले, मामाही हसले. मग असे शिकवले म्हणून सांगू, की घंटा कोणाला ऐकू आली नाही. निघताना तेच प्राध्यापक म्हणाले, "सर, उद्याही तास आहे ना?"

मामांनी मागे वळून पाहिले, कोण सर आले म्हणून.

आता मी कपाटात असतो. पडद्यावर दाखवणारी नवी यंत्रे आली, माझ्यावर धूळ साचते. तक्रार नाही. कधी मला बाहेर काढलेत, तर भिंग बोटाने पुसू नका, मऊ फडके घ्या. आणि पुसता पुसता आमच्या मामांची आठवण काढा. त्यांना सरच म्हणा.