मैदानाचा टँकर

फुटबॉलच्या मैदानाकडे निघालेला माझा टँकर ताईच्या गल्लीच्या तोंडाशी अडवला गेला. रस्त्यात रिकामी पिंपं आडवी टाकलेली, मागे सगळी गल्ली, आणि सगळ्यांच्या पुढे कमरेवर हात ठेवून माझीच सख्खी मोठी बहीण. लहानपणी घरात धाकात ठेवलं, आता भर रस्त्यातही तेच.

टँकरवर दोन्ही बाजूंना ठळक लिहिलंय, 'पिण्यायोग्य नाही'. पण त्या पाटीला आता कुत्रंही विचारत नव्हतं. गेल्याच महिन्यात याच पाटीखाली फुटबॉल क्लबने नळाचं चांगलं पाणी मैदानावर ओतलं होतं. गल्लीतले नळ कोरडे ठणठणीत, आणि तिकडे गवत हिरवंगार. ती लबाडी ताईनेच पकडली. बोभाटा झाला, आधीच्या ड्रायव्हरला नारळ मिळाला, त्याच्या जागी मी आलो. आता टँकरमध्ये खरोखरच गटाराचं, यंत्रातून गाळलेलं पाणी होतं. गवताला चालतं, माणसाच्या पोटात गेलं तर आजारपण ठरलेलं.

खाली उतरून मी हे सगळं सांगितलं. पण दुधाने तोंड पोळलेली माणसं, ती कशाला ऐकतात? एकाने मागचा नळ उघडलासुद्धा. पाणी पडलं ते अगदी नितळ, वासाचं नाव नाही. आमच्या गटाराला एवढं रूप कधी आलं, असं एका आजोबांनी विचारलं आणि लोक हसले. कोणी म्हणालं, तूच पिऊन दाखव. प्यायलो तर पाणी चांगलं ठरणार, नाही प्यायलो तर मी नाटकी. इकडे आड, तिकडे विहीर.

क्लबच्या मिठाला जागतोयस, असं ताईने सुनावलं आणि बादली भरून घेतली. मग तिने भाचीला हाक मारली. पोरगी कालच तापातून उठलेली, ओठ सुकलेले. ताईने तिच्या हातात भरलेला पेला दिला.

"ताई, तिला पाजू नकोस. हात जोडतो."

"मग कोणाला पाजू? गवताला?"

माझं डोकंच बंद पडलं. मी धावत जाऊन टँकरच्या पोटाखालचा मोठा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. पाणी धो धो रस्त्यावर आलं. कोणीतरी माझी कॉलर धरली, पाठीत गुद्दे बसले. मी व्हॉल्व्हचं चाक सोडलं नाही. भाचीचा पेला ओठांपर्यंत गेलेला मला दिसत होता.

ताईने तो हिसकावून घेतला. क्षणभर ती वाहत्या पाण्याकडे बघत राहिली.

"सोडा त्याला," ती म्हणाली. "क्लबसाठी खोटं बोलत असता, तर पाणी राखलं असतं. असं सोडलं नसतं."

तिने पेला ओतला, मग बादली उपडी केली. एकेक करत बाकीच्यांनीही ओतलं. तोंडाने मला शिव्या चालूच होत्या. नोकरी गेली हे मला कळत होतं, तरी जीव भांड्यात पडला होता.

भाची रिकामा पेला घेऊन जवळ आली.

"मामा, मग आपलं प्यायचं पाणी कुठल्या टँकरमध्ये येतं?"

आमच्या भागात टँकर तेवढा एकच फिरायचा, आणि तो मैदानाचा होता.