सगळ्यात लांबचं घर

पावसाळ्याच्या तीन महिन्यांतलं, वर्षावासाचं ग्रंथवाचन कोणत्या रविवारी कुणाच्या घरी, हे अंबरनाथच्या त्या विहारात आजवर कमळाकरकाका ठरवायचे आणि दरवर्षी कुणी ना कुणी फुगून बसायचं. वाचन सगळ्यांकडेच होतं, पण खरा मान शेवटच्या घराचा. समारोपाला यच्चयावत मंडळी येतात, खीर होते आणि त्या घराचं नाव वर्षभर निघत राहतं. यंदा काकांनी हात टेकले. राजरत्नच्या कॉम्प्युटरलाच ठरवू द्या, म्हणाले. विहारापासून निघायचं, आधी सगळ्यात जवळचं घर, मग तिथून जवळचं, असं करत लांब जायचं. आता कॉम्प्युटरवर कोण रुसणार?

राजरत्नची आई, माया, हीच रुसली. मायाचं घर विहारापासून दोन गल्ल्यांवर. म्हणजे तिचा नंबर पहिला, जेव्हा निम्मी मंडळी आलेलीही नसतात. आणि शेवटचा कुणाचा? तिच्या धाकट्या जावेचा, प्रीतीचा. प्रीतीने वांगणीला फ्लॅट घेतला होता. गॅलरीतून डोंगर दिसतो म्हणे. आधीच प्रीतीच्या हाताला चव, प्रीतीचं वाचन गोड, प्रीतीची मुलगी हुशार. आता वर समारोपही. लांब राहायला गेल्याचा मान मिळतो हे मायाला आधी माहीत असतं, तर तीही कर्जतला राहायला गेली असती.

माया उल्हासनगर कॅम्प चारमध्ये एका जीन्सच्या कारखान्यात मालाची चलनं टाइप करते, तिची बोटं भराभर चालतात. म्हणून घरांचे आकडे भरायचं काम राजरत्नने तिलाच दिलं. मोबाइलच्या नकाशावर घराला बोट लावून धरलं की दोन आकडे येतात, ते कंसात स्वल्पविराम देऊन लिहायचे. या जोडीला पायथनमध्ये टपल म्हणतात, तो म्हणाला. पहिला आकडा उत्तरेचा, दुसरा पूर्वेचा. दोन जोड्या दिल्या की प्रोग्रॅम मधलं अंतर काढतो.

"क्रम तेवढा चुकवू नको, आई. उलटे लिहिलेस तर घर डायरेक्ट बर्फाच्या समुद्रात."

हे त्याने सांगायला नको होतं. पालेगाव, बदलापूर, उल्हासनगर, सगळ्यांचे आकडे मायाने चोख भरले. प्रीतीचेही भरले, दात-ओठ खात. स्वतःच्या घराशी आली तेव्हा राजरत्न चहा गरम करायला उठला होता. मायाने उत्तरेच्या एकोणीसच्या जागी त्र्याहत्तर लिहिले आणि पूर्वेच्या त्र्याहत्तरच्या जागी एकोणीस. कुणाचं काय बिघडतंय, असं तिने स्वतःला समजावलं, आणि समजूत तिला लगेच पटली.

रविवारी विहारात राजरत्नने लॅपटॉपवरून क्रम वाचला. शेवटून दुसरी वांगणी, शेवट माया. कॉम्प्युटरने काढलंय म्हटल्यावर दोन गल्ल्यांवरचं घर शेवटी कसं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मायाने पदर सावरला आणि मुद्दाम प्रीतीकडे पाहिलं. प्रीती हसली, पण तिचा चेहरा उतरला होता. मायाला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

तेवढ्यात कमळाकरकाकांनी विचारलं, एकूण फिरणं किती होईल? टेम्पोचं बघायला हवं. राजरत्नने एक ओळ टाइप केली आणि आकडा मोठ्याने वाचला: सहा हजार नऊशे किलोमीटर. वाचता वाचताच तो अडखळला. अख्खा विहार हसायला लागला. कुणीतरी म्हणालं, टेम्पो नको, विमान सांगा. राजरत्नने पडद्यावर पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आकडे उलटे पडलेत, एवढंच तो म्हणाला, आणि तिथल्या तिथे दुरुस्त केले. माया पहिली, वांगणी शेवटची.

सगळ्यांनी ती टायपिंगची चूक धरली. मायाचे कान तापले, पण जीव जळत होता तो वेगळ्याच कारणाने. हातात आलेला समारोप गेला, आणि गेला तोही प्रीतीकडे.

मंडळी उठल्यावर प्रीती तिच्याजवळ येऊन बसली. आता ही मिरवणार, म्हणून माया चपला शोधायला लागली.

"ताई, समारोप तुमच्याकडेच होऊ द्या. मघाशी किती खुलला होतात. मी काकांना सांगते," प्रीती म्हणाली.

मायाला ते दान वाटलं. "कशाला? तुझा नंबर आलाय ना? कर की."

"माझ्याकडे एरवी कोण येतं? वांगणी म्हटलं की सगळे पुढच्या वेळी म्हणतात." प्रीती चटईची काडी सोलत होती. "समारोपाला नाही म्हणता येत नाही कुणाला, म्हणून मला हवा होता. तेवढ्याने तरी घरात माणसं आली असती. दीड वर्ष झालं, ताई. तुम्हीसुद्धा नाही आलात."

मायाला कितीतरी कारणं आठवली. कारखाना, गुडघे, पाहुणे. जे एकमेव खरं होतं ते तिला सांगता येईना. गॅलरीतला डोंगर बघवला नसता, म्हणून ती गेली नव्हती.

"समारोप तुझ्याकडेच," ती शेवटी म्हणाली. "खीर मात्र मी करणार. तुझी पातळ होते."

"बरं," प्रीती म्हणाली.

राजरत्न लॅपटॉप मिटत होता. सरळ रेषेत सतरा-अठरा किलोमीटर आहे गं आई, फार नाही, असं तो सांगू लागला.

मायाने त्याला हातानेच थांबवलं. प्रीतीच्या घराचे आकडे तिने स्वतः भरले होते, ते अजून तोंडपाठ होते. ती जावेकडे वळली आणि खाली बघत तिने विचारलं, "वांगणीला उतरल्यावर कुठल्या बाजूला यायचं?"