वडापच्या जीपमधला टेप

अमरेशनं नवी गाडी घेतली, तेव्हा पेढा तोंडात टाकायच्या आधी आप्पांनी एवढंच विचारलं, "ह्यात माझा टेप बसतोय का?"

आप्पा म्हणजे अमरेशचे वडील भरमाप्पा. कोल्हापूर ते इचलकरंजी रस्त्यावर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं वडाप केलं. जीपमध्ये माणसं कोंबायची, दोघं-तिघं मागं लोंबकळणार, आणि यंत्रमागावर पाळीला निघालेल्या कामगारांना वेळेत नेऊन सोडायचं. शेजारी दुसऱ्या जीप रिकाम्या उभ्या असल्या तरी लोक आप्पांचीच वाट बघत थांबायचे, कारण त्यांच्या टेपवर लावण्या अशा खणखणीत वाजायच्या की ठिकाण आलं तरी काहीजण उतरायला कुरकुरायचे. पुढं जीप भंगारात गेली. टेप तेवढा आप्पांनी काढून घेतला आणि जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला.

अमरेश बँकेत साहेब झालेला. तिथं कुणी विचारलं तर "वडिलांचा ट्रान्सपोर्टचा बिझनेस होता," असं सांगायचा. यात खोटं काही नाही, अशी त्यानं स्वतःची समजूतही घालून घेतली होती. आता नव्या गाडीत हा एवढा मोठा टचस्क्रीन, आणि त्याच्या खाली तो वडापच्या जीपमधला काळा डबा! कुणी विचारलं तर काय सांगायचं? पण आप्पांना नाही म्हणायची छाती घरात कुणाचीच नव्हती. शेवटी टेप काखोटीला मारून तो उद्यमनगरात वसीमकडं गेला. गाड्यांना साउंड बसवण्यात वसीमचा हात धरणारा कुणी नव्हता.

वसीमनं टेप उघडला. "दादा, आतला रबरी पट्टा पार विरघळून गेलाय. सामान मागवाय लागंल. पंधरा-वीस दिस द्या, वाजवून देतो."

"एवढा वेळ कुठला? रविवारी आप्पा त्यांच्या दोस्ताला घेऊन इचलकरंजीला निघाल्यात."

"मग कसं करायचं?"

"स्क्रीनखालच्या खणात नुसता बसव. कॅसेट आत-बाहेर होऊ दे, दिवा लागू दे. वाजवायचं मी बघतो."

वसीमनं त्याच्याकडं जरा रोखून बघितलं, पण गिऱ्हाइकाचं काम म्हणून सांगितलं तसं करून दिलं.

मग अमरेशनं जी खटपट केली, ती बघण्यासारखी होती. आप्पांच्या कॅसेटच्या डबीवर जी गाणी छापली होती ती सगळी त्यानं हुडकली आणि त्याच क्रमानं पेनड्राइव्हवर भरली. स्क्रीन काळा करून ठेवायचा, आप्पांनी कॅसेट आत सारली की स्टिअरिंगवरचं बटण हळूच दाबायचं, आणि आप्पांनी टेपचं बटण पिरगाळलं की इकडं अंगठ्यानं आवाज वाढवायचा. बँकेच्या कामात त्यानं एवढं डोकं घातलं असतं तर एव्हाना मॅनेजर झाला असता.

रविवारी आप्पा पुढं बसले. मागं त्यांचे दोस्त चमनचाचा. त्यांनीही याच रस्त्यावर वडाप केलं होतं आणि आप्पांच्या टेपला पोटभर शिव्या दिल्या होत्या. आप्पांनी कॅसेट आत सारली, दिवा लागला आणि ढोलकी कडाडली.

"आयला भरम्या, वाजतोय की रं!" चमनचाचा ओरडले. "माझा टेप कवाच मेला."

"आवाज हाय तसा हाय बघ," आप्पा मागं वळून म्हणाले. "तू म्हणत हुतास न्हवं, आताची पोरं जुनं समदं भंगारात घालत्यात? माझ्या पोरानं नव्या गाडीत बसवून दिला."

अमरेश हसला. शिरोली मागं पडली, आप्पा गुडघ्यावर ताल धरत होते, आणि आपण कसं सगळं जमवून आणलं म्हणून तो मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होता.

एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानातच आली नव्हती. त्या टेपला कॅसेट हातानं पालटावी लागायची. एक बाजू हातकणंगल्याच्या आसपास संपायची आणि आप्पा रस्त्यावरची नजर न हलवता डाव्या हातानं कॅसेट काढून उलटी घालायचे. आजही शेवटची लावणी संपली आणि आप्पांचा हात आपसूक पुढं गेला. खटका दाबला, कॅसेट बाहेर आली. ती त्यांच्या हातात असतानाच पुढची लावणी सुरू झाली.

अमरेशच्या हाताखालचं बटण त्याला सापडेना. आप्पांनी हातातल्या कॅसेटकडं बघितलं, मग टेपकडं, मग स्टिअरिंगवर चाचपडणाऱ्या अमरेशच्या अंगठ्याकडं. समोरून एखादी एसटी अंगावर आली असती तरी अमरेशला चाललं असतं.

मागं चमनचाचा डोळे मिटून मान डोलवत होते. त्यांनी डोळे उघडले. "काय झालं रं, भरम्या?"

आप्पांनी झटकन कॅसेट आत ढकलली. "कुठं काय? बाजू पालटली."

"अजून एका हातानं पालटतोस व्हय! वा रं पठ्ठ्या!"

"सवय कुठं जातीया," आप्पा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. गुडघ्यावरचा हात मात्र थांबला होता. अमरेशला वाटलं, चमनचाचांच्या देखत त्यांनी एक कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

इचलकरंजीत चमनचाचा लेकीकडं उतरले. गाडीत दोघंच राहिले. अमरेशनं गाणं बंद केलं.

"आप्पा, पट्टा गेलता आतला..."

"मग सांगायचं की तसं. मी काय रडलो असतो व्हय?" आप्पा त्याच्याकडं बघत नव्हते. "टेपाची लाज वाटली तुला, का माझी?"

अमरेशला उत्तर ठाऊक होतं.

"उद्याच वसीमकडं टाकतो," तो कसंबसं म्हणाला. "खरा पट्टा घालून घेतो."

"नगं." आप्पांनी मान हलवली. "म्हैना-म्हैना टेप तिथं पडणार. चमन इचारणार, वाजत हुता की, मग कशाला टाकला? त्याला काय सांगू? पोरानं मला येड्यात काढलं, म्हणून सांगू?"

अमरेशनं पेनड्राइव्ह काढायला हात पुढं केला.

"येत्या रविवारी परत येतो म्हणलाय त्यो. हीच गाणी ठेव," आप्पा म्हणाले. "आन् मी कॅसेट काढली की मधी जरा थांबवत जा. न्हायतर कळंल त्याला."

"व्हय, आप्पा," अमरेश म्हणाला.